तीन चेहरे, एक हिरवी पट्टी

ही हकीकत मी आजवर टाळत आलो. निवृत्त होऊन पुण्याला परतल्यावर सोसायटीच्या बाकावर दुबईचे पुष्कळ किस्से सांगितले, हा एक सोडून. बायकोला तो अर्धाच ठाऊक आहे. मुलीला तेवढाही नाही. आमच्या कंपनीत एक चूक झाली होती. ती ज्याच्या नावावर लिहिली गेली त्याची ती नव्हती, माझी होती. एवढं एकदा कागदावर यावं म्हणून लिहायला बसलो आहे.

सोमवार होता. साडेअकराच्या सुमाराला मी अल क्वोजमधल्या आमच्या युनिटमध्ये मशीनपाशी उभा होतो. मोबाइल वाजला. पलीकडे सालेम होता. त्याची बहीण निवडणुकीला उभी होती आणि तिच्या प्रचाराचं सगळं तोच बघत होता. एरवी हा माणूस पहिली दोन मिनिटं तब्येत, घरचे, मुलं अशी चौकशी केल्याशिवाय कामाचं बोलायचा नाही. त्या दिवशी त्यानं सलामही केला नाही.

"माझ्या बहिणीला कुणाबरोबर उभं केलंत तुम्ही?" तो इंग्रजीत म्हणाला.

मला काही कळेना.

"राउंडअबाउटवरचे तीन बोर्ड. एकसारखे. लोक मला फोन करून विचारतायत, ते दोघे तुमचे कोण?"

"सर, ते वेगळे क्लायंट आहेत."

"ते वेगळे आहेत हे मला माहीत आहे. बोर्ड बघून तसं वाटत नाही. कुणीतरी तक्रार केली आहे. मला इलेक्शन कमिटीचा फोन आलाय."

त्यानं फोन ठेवला. मी कूलरपाशी गेलो, कागदी कप भरला, आणि न पिताच तो हातात धरून परत आलो.

मी साइनेज कंपनीत प्रॉडक्शन मॅनेजर होतो. साइनेज म्हणजे दुकानांच्या पाट्या, होर्डिंग, फलक. डिझाइन मशीनवर जाण्याआधी तपासायचं, छापून घ्यायचं आणि जागेवर लावून घ्यायचं, ही माझी जबाबदारी. त्याआधी ऐन तारुण्यातली दहा वर्षं मी कराडच्या एका छापखान्यात काढली होती. हे मुद्दाम सांगतो, कारण चूक तिथूनच आली.

निवडणूक कसली तेही सांगायला हवं. अमिरातीत कायदेमंडळासारखी एक परिषद आहे. तिच्या अर्ध्या जागा मतदानानं भरतात, अर्ध्या त्या त्या अमिरातीचे शासक नेमतात. मतदान तिथल्या नागरिकांनीच करायचं, तेही यादीत नाव असलेल्यांनी. आम्हा परदेशी माणसांचा संबंध पोस्टरपुरता. आणि तिथे राजकीय पक्षच नाहीत. पक्ष नाही, झेंडा नाही, चिन्ह नाही. उमेदवार म्हणजे एक चेहरा, एक नाव, एक नंबर. ज्यानं त्यानं एकट्यानं उभं राहायचं आणि एकट्यानंच प्रचार करायचा. दोघातिघांनी मिळून यादी काढायची नाही. हा नियम क्लायंटनी दिलेल्या अरबी कागदांत होता. मला अरबी वाचता येत नव्हतं. आमचा टायपिस्ट ते वाचायचा, पण तो फक्त नावं आणि नंबर बरोबर आहेत का एवढंच पाहायचा.

मागच्याच्या मागच्या निवडणुकीची ही गोष्ट. शेजारच्या एका अमिरातीतले तीन उमेदवार दोन दिवसांत आमच्याकडे आले. एक सालेमची बहीण, शाळेची मुख्याध्यापिका. एक इंजिनिअर. एक लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ. तिघांची एकमेकांशी ओळख नव्हती. प्रचार रविवारपासून सुरू होणार होता आणि तिघांनाही रविवारी सकाळीच बोर्ड उभे हवे होते. वेळ नव्हता. मी एक मास्टर लेआउट करून घेतला. मास्टर लेआउट म्हणजे साचा. फोटो उजवीकडे, नाव डावीकडे, खाली तिरकी हिरवी पट्टी आणि पट्टीत नंबर. साचा एकदा ठरला की चेहरा आणि नाव बदलायचं, झालं. तीन डिझाइनचं काम एका दुपारात उरकलं.

हे काम माझ्या हाताखाली दत्ताराम बागकर करत होता. गुहागरकडचा माणूस, पंचेचाळिशीचा, बारा वर्षं आमच्याकडे. डिझाइनही करायचा आणि मशीनही चालवायचा. राहायला कंपनीच्या अकोमोडेशनमध्ये, एका खोलीत सहा जण. तिसरा चेहरा बसवून झाल्यावर त्यानं तिन्ही डिझाइनं स्क्रीनवर शेजारी शेजारी लावली आणि मला हाक मारली.

"साहेब, हे पॅनल वाटतंय बघा."

ज्यांना पॅनल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे पतसंस्था, दूध संघ, ग्रामपंचायत, अशा निवडणुकांना पक्षाचं चिन्ह नसतं. म्हणून उमेदवार टोळी करतात, तेच पॅनल. एकाच रंगाचं पत्रक, फोटो एका ओळीत. मतदाराला वाचावंही लागत नाही, रंग बघून कळतं कोण कुणाचं. कराडला मी अशी पत्रकं हजारांनी छापली होती. पक्ष नसलेली निवडणूक म्हटल्यावर माझ्या हातानं आपोआप तेच केलं होतं. आणि खरं सांगायचं तर दत्तारामच्या स्क्रीनवर ते मला देखणं वाटलं.

"तुला गुहागरची ग्रामपंचायत आठवली काय?" मी म्हणालो.

"तसं नाय साहेब. निदान एकाचा रंग तरी बदलूया. दहा मिन्टं लागतील."

"इथे कोण पॅनल बघतोय? यल्ला, चल, मशीन चालू कर."

त्यानं मशीन चालू केलं. आमच्याकडे प्रत्येक कामाचं एक जॉब कार्ड असायचं. त्यावर 'डिझाइन' समोर करणाऱ्याची सही आणि 'चेक्ड' समोर माझी. दत्तारामनं तिन्ही कार्डांवर सही केली. मी घाईत होतो. माझा रकाना कोरा राहिला.

पुढची चूकही माझीच. लावणारी टीम एक, क्रेन एक. मी तिन्ही बोर्ड एकाच राउंडअबाउटवर, म्हणजे गोल चौकात, एका रांगेत, एका उंचीवर लावून घेतले. एक फेरी वाचली. रविवारी सकाळी फिटरनं फोटो पाठवला तेव्हा मी त्याला 'छान' म्हणून अंगठ्याचं चिन्हही पाठवलं होतं.

सालेमचा फोन ठेवल्यावर मी आमच्या जनरल मॅनेजरकडे गेलो. नाबील त्याचं नाव, जॉर्डनचा. त्याच्यापर्यंत बातमी माझ्याआधी पोचली होती. त्यानं दार लावून घ्यायला सांगितलं. बावीस वर्षांत त्या केबिनचं दार माझ्यासमोर फक्त दोनदा बंद झालं होतं, आणि दोन्ही वेळा कुणाची तरी नोकरी गेली होती.

"कमिटीला उद्या दुपारपर्यंत लेखी खुलासा हवाय," तो म्हणाला. "तीन उमेदवार एकत्र आले होते का? डिझाइन कुणाच्या सांगण्यावरून झालं? एकत्र आले होते म्हटलं तर तिघांची उमेदवारी जाईल. नव्हते म्हटलं तर चूक आपली. सरकारच्या इलेक्शनमध्ये आपली चूक. तुला समजतंय मी काय म्हणतोय?"

मला समजत होतं.

"आधी ते बोर्ड उतरव. खलास. मग बोलू."

व्हॅनमध्ये फिटर, दत्ताराम आणि मी. निघताना शाजी दारात भेटला. शाजी आमचा पीआरओ. परदेशी माणसांचे व्हिसा, कामगार खात्याची कागदपत्रं, ही सरकारदरबारची कामं करणारा माणूस. केरळचा. त्याला सगळं कळलं होतं.

"अंकल, इस देश में इतने साल में एक पार्टी नहीं बना," तो म्हणाला. "आपने दो दिन में बना दिया."

फिटर हसले. मी व्हॅनचं दार ओढून घेतलं.

पोचलो तेव्हा सव्वा वाजला होता. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. त्या दिवसांत दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्यानं बंदी असते, उन्हामुळे. म्हणजे तीन वाजेपर्यंत बोर्डाला हात लावता येणार नव्हता. एसी चालू ठेवून आम्ही राउंडअबाउटच्या कडेला व्हॅनमध्ये बसून राहिलो. समोर तीन चेहरे आणि तीन हिरव्या पट्ट्या. येणारी प्रत्येक गाडी तिथे हळू होत होती. वळणावर सगळ्याच गाड्या हळू होतात, हे मला कळत होतं. तरी दर गाडीला वाटायचं, हा बघून चाललाय. एका पांढऱ्या लँड क्रूझरमधल्या माणसानं काच खाली करून फोटो काढला. मग पोलिसांची गाडी आली. तिनं पूर्ण वळसा घातला, परत आली, पुन्हा वळसा घातला.

"साहेब, जेवा थोडं," दत्ताराम म्हणाला. त्यानं डबा उघडला होता. भात आणि सुकटीची चटणी.

"नको."

"ते काय करतील आपल्याला?"

"मला काय माहीत."

तो थोडा वेळ जेवत राहिला. मग म्हणाला, "मला अजून दोन वर्षं काढायचीत. घराचा स्लॅब टाकून झालाय, भिंती बाकी आहेत. पोरगी चिपळूणला नर्सिंगला आहे. तिचं झालं की मी आलोच गावाला."

माझं गणित वेगळं चाललं होतं. मला साठी पुरी व्हायला सहा महिने उरले होते. साठीनंतर व्हिसा दर वेळी नव्यानं वाढवून घ्यावा लागायचा आणि तो कंपनीच्या मर्जीवर असायचा. मुलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. अशात नाव खराब झालं तर काय होईल, हे मी राउंडअबाउटकडे बघत पुन्हा पुन्हा मोजत होतो.

तेवढ्यात शाजीचा फोन आला. "अंकल, नाबील सर जॉब कार्ड मांग रहे हैं. चेक किसने किया था? आपका साइन नहीं है."

त्या क्षणापर्यंत मला कोऱ्या रकान्याची आठवणच नव्हती. मी व्हॅनमधून खाली उतरलो, उन्हात. दत्तारामला ऐकू येणार नाही इतक्या लांब गेलो.

"मी शारजाच्या साइटवर होतो त्या दुपारी," मी म्हणालो.

मी कुठेही गेलो नव्हतो.

तीन वाजता बोर्ड उतरवले. दत्तारामचं ते काम नव्हतं, तरी तो शिडीवर चढला. उतरवलेलं फ्लेक्स चेहरा आत येईल असं गुंडाळत होता. "चेहऱ्याला घडी पडता कामा नये," तो फिटरना सांगत होता. "मोठी माणसं आहेत."

संध्याकाळी अल मनखूलला घरी आलो. बायकोनं विचारलं तेव्हा मी एवढंच सांगितलं की निवडणुकीच्या कामात घोळ झालाय. तिनं पहिला प्रश्न विचारला, "तुमचं नाव आहे का त्यात?" मी म्हणालो, अजून नाही. मुलगी सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती. ती वर न बघता म्हणाली, "इट्स जस्ट अ कलर, बाबा. टेल देम इट वॉज अ मिस्टेक अँड फिक्स इट." खरं तर तिला वाटत होतं तेवढंच ते सोपं होतं. हे मला दोन दिवसांनी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता नाबीलनं बोलावलं. केबिनमध्ये तो आणि सालेम. टेबलावर तिन्ही जॉब कार्डं. मी आणि दत्ताराम समोर. सालेमनं मला बसायला सांगितलं. दत्तारामला खुर्ची नव्हती.

नाबील दत्तारामकडे बघून इंग्रजीत बोलायला लागला, मग थांबला. दत्तारामचं इंग्रजी साइज, फायनल, ओके एवढंच. हिंदी यायचं, पण नाबीलला हिंदी येत नव्हतं. नाबील मला म्हणाला, "तू विचार त्याला. हे डिझाइन कुणी ठरवलं?"

मी मराठीत विचारलं, "दत्ताराम, ते विचारतायत, हे डिझाइन कुणी ठरवलं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, शंकाही नव्हती. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या होत्या. हळू आवाजात तो म्हणाला, "साहेब, मला कुठं बोलता येतंय यांच्याशी? तुम्हीच सांगा ना काय झालं ते. तुम्ही बरोबर सांगाल."

"काय म्हणतो तो?" नाबीलनं विचारलं.

मी म्हणालो, "ही सेज इट वॉज हिज मिस्टेक. ही इज व्हेरी सॉरी."

हे वाक्य बोलायला किती वेळ लागतो? मी नंतर कितीतरी वेळा मोजून पाहिलं आहे. तीन सेकंद.

सालेमला थोडं हिंदी येत होतं. त्याच्या लहानपणी घरात हैदराबादची बाई कामाला होती, असं त्यानंच एकदा सांगितलं होतं. 'तुम्हीच' एवढा शब्द जरी त्यानं पकडला तरी संपलं. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग दत्तारामकडे. मग त्याच्याशीच बोलला.

"कोई बात नहीं. गलती होता है."

दत्तारामचा चेहरा एकदम सैल झाला. मी सगळं नीट सांगितलं आणि साहेबांनी ते मोठ्या मनानं घेतलं, अशी त्याची समजूत झाली. त्यानं सालेमला हात जोडले. "शुक्रिया साहब," तो म्हणाला.

ते शुक्रिया म्हणजे कबुलीच ठरली.

दत्तारामला बाहेर पाठवलं. नाबीलनं माझ्यासमोरच पत्राचा मसुदा केला. तिन्ही ऑर्डर वेगवेगळ्या होत्या, एका ऑपरेटरनं वरिष्ठांच्या मंजुरीशिवाय एकच साचा वापरला, संबंधित कर्मचाऱ्याला कामावरून काढण्यात आलं आहे. मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"काढलेला नाही अजून," मी म्हणालो.

"संध्याकाळपर्यंत काढलेला असेल. तुला दुसरं कुणाचं नाव घालायचंय का?"

मी बोट उचललं.

बाहेर आलो. दत्ताराम कूलरपाशी उभा होता. "साहेब, काय ठरलं?"

इथे मी जे केलं ते पहिल्यापेक्षा वाईट होतं. पहिलं भीतीनं झालं. दुसरं विचार करून झालं, केबिनपासून कूलरपर्यंतच्या दहा-बारा पावलांत. मी म्हणालो, "पोलिसांत द्यायचं म्हणत होते. निवडणुकीची केस, जेल झाली असती. मी पाया पडलो त्यांच्या. म्हटलं, गरीब माणूस आहे, गावी पाठवा, पण केस नको."

पोलीस हा शब्द त्या केबिनमध्ये कुणीही उच्चारला नव्हता.

त्यानं माझे दोन्ही हात धरले. त्याचे हात थंडगार होते. "उपकार झाले साहेब," तो म्हणाला. "जेल झाली असती तर पोरीशी कुणी लग्न केलं नसतं."

पत्र गेलं. त्यानंतरचा दीड दिवस मी कसा काढला ते मला नीट आठवत नाही. अनोळखी लँडलाइनचा नंबर दिसला की मी फोन उलटा ठेवायचो. गाडी चालवताना दोनदा चुकीच्या लेनमध्ये शिरलो. बुधवारी दुपारी कमिटीचं उत्तर आलं. शाजीनं ते मला हिंदीत वाचून दाखवलं. उमेदवारांचा दोष नाही. बोर्ड वेगवेगळे करून पुन्हा लावावेत. पुढे काळजी घ्यावी.

"बस?" मी विचारलं.

"बस. कंपनी का नाम भी नहीं लिखा. बहुत शरीफ लोग हैं. आप लोग फालतू डर गए."

खरं बोलायला आता काही धोका नव्हता. फार तर नाबील ओरडला असता. पण आता बोलायचं म्हणजे जॉब कार्ड, शारजा, केबिन, पोलीस, सगळंच उलगडून सांगावं लागलं असतं. मी शाजीला एवढंच म्हणालो, "मग दत्तारामचं राहू दे ना. ठेवून घेऊ त्याला."

"कैसे, अंकल? लेटर में लिख के दिया है कि निकाल दिया. अब नहीं निकाला तो वो झूठ हो जाएगा."

आठ दिवसांत व्हिसा कॅन्सल झाला. त्या आठ दिवसांत दत्तारामनं नवे बोर्ड स्वतः करून दिले. एक निळा, एक मातकट, एक पांढरा. मांडणी तीन तऱ्हेची. प्रत्येक प्रूफ त्यानं माझ्यापुढे धरलं आणि म्हणाला, "साहेब, नीट बघा हां." विमानतळावर मीच त्याला सोडलं. सकाळची फ्लाइट होती. गाडीत तो रूममेटनं गावी पोचवायला दिलेल्या मिक्सरबद्दल बोलत होता, कार्टनमध्ये नीट बसलाय की नाही म्हणून. ट्रॉली ढकलत तो आत गेला. दोनदा मागे वळून त्यानं हात केला. मी दोन्ही वेळा हात केला.

तिघांपैकी एक जण निवडून आला. कोण ते सांगत नाही, त्याचा या गोष्टीशी संबंध नाही. माझा व्हिसा वाढला. नंतर मी आणखी चार वर्षं तिथे काढली. धंद्यातला धडा विचाराल तर तो फार साधा आहे. तपासणाऱ्यानं सही आधी करावी, मशीन नंतर चालू करावं. त्या चार वर्षांत माझा एकही रकाना कोरा राहिला नाही. शेवटच्या दिवशी नाबीलनं सगळ्यांसमोर माझ्या काटेकोरपणाचं कौतुक केलं आणि मला घड्याळ दिलं.

गेल्या वर्षी, दिवाळीनंतर, मी दत्तारामकडे गेलो. फोन करून गेलो. बायकोला सांगितलं, जुना सहकारी आहे. दत्ताराम आता धक्क्यावर होड्यांची नावं रंगवतो. नखांत निळा रंग होता. घराच्या स्लॅबखाली दोनच खोल्यांना भिंती आहेत, बाकी खांब उभे आहेत आणि त्यांच्यामध्ये सरपण रचलेलं. मुलीनं नर्सिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं, ती गुहागरात मेडिकलच्या दुकानात काउंटरवर असते. त्यानं हे सगळं हवापाण्याचं बोलावं तसं सांगितलं.

त्याची बायको चहा घेऊन आली. "तुम्ही होतात म्हणून," ती म्हणाली. "हे अख्ख्या वाडीला सांगतात, आमच्या साहेबांनी अरबाचे पाय धरले माझ्यासाठी."

"चुकी माझीच होती, साहेब," दत्ताराम म्हणाला. "मला दिसत होतं ते पॅनल होतंय. तुम्हाला म्हटलं मी, पण जोर लावून नाय म्हटलं. तुम्हाला शंभर कामं. मशीन माझ्या हातात होतं. जोर लावून म्हणायला पायजे होतं."

तिथेच बोलायला हवं होतं. त्याची बायको दारात उभी होती. मी तिला निमित्त केलं. म्हटलं, एकटा असताना बोलू.

तो मला फाट्यापर्यंत सोडायला आला. उतरणीची वाट, तो पुढे आणि मी मागे. फाट्यावर दुसरं कुणी नव्हतं.

"दत्ताराम," मी म्हणालो. "त्या दिवशी नाबीलच्या केबिनमध्ये तू मला म्हणालास, तुम्हीच सांगा काय झालं ते."

"आणि तुम्ही सांगितलंत," तो म्हणाला. "म्हणून तर तो अरब म्हणाला, गलती होता है. नायतर कोण बोलतो तसं आपल्याशी?"

पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पुण्याहून निघताना जुळवलं होतं, चिपळूणला गाडी बदलताना पुन्हा म्हणून पाहिलं होतं. मी ते सांगितलं नाही, दत्ताराम. मी तुझं नाव सांगितलं. मला माफ कर.

वळणावर एसटी दिसली. त्यानं रस्त्यात उतरून हात दाखवला, गाडी थांबली. त्यानं माझी पिशवी आधी आत ठेवली आणि मला दंडाला धरून वर चढवलं.

"बसा साहेब," तो खालून म्हणाला. "खिडकी मोकळी आहे."

मी बसलो.